वॉर्डातून डबे गेले ते वर्ष

बाळंतपणाच्या वॉर्डात नोकरी केली असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. किती बाळंतपणं केली, आणि कधी कुणाचं मूल बदललं गेलं का? पहिल्याची मोजदाद मी ठेवली नाही. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते ऐकून लोकांचा जरा हिरमोड होतो. म्हणून ह्या खेपेला मी कुणी न विचारलेली गोष्ट सांगते. ती दुधाच्या डब्यांची आहे, आणि त्यातला पहिला अर्धा भाग माझ्या चुकीचा आहे.

ऐंशीच्या दशकातलं आहे हे. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. क्रांती चौकापासून पायी दहा मिनिटांवर एका ट्रस्टचं प्रसूतिगृह होतं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती. मी तिथं वॉर्डाची इन्चार्ज होते. सगळे मला जोगदंड सिस्टर म्हणत. आमच्याकडे जुन्या शहरातल्या बायका यायच्या, तशाच गंगापूर, वेरूळकडच्या खेड्यांतून जीपमध्ये दाटीवाटीनं बसूनही यायच्या.

वॉर्डातल्या भिंतीवरचं घड्याळ पावडरच्या दुधाच्या एका कंपनीनं दिलेलं होतं. कॅलेंडर तिचंच, बाळांच्या वजनाचा तक्ता तिचा, माझ्या खिशातलं पेनही तिचंच. सगळ्यांवर एकच बाळ छापलेलं. गोरंपान, गुबगुबीत, कुरळ्या केसांचं. आमच्याकडं जन्मलेलं एकही बाळ त्याच्यासारखं दिसत नसे, तरी प्रत्येक आई त्याच्याकडं बघत पडून राहायची. मी त्या घड्याळात वेळ बघायची, त्या पेनानं लिहायची, आणि ह्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

कंपनीचा माणूस प्रमोद. तिशी ओलांडलेला, स्कूटरवरून यायचा, शर्टाला कडक इस्त्री. बोलण्यात गोड, पण तो गोडवा नुसता वरवरचा नव्हता. आमच्या आया हमीदाबी, त्यांचे गुडघे दुखतात हे त्याच्या लक्षात असायचं आणि तो न सांगता मलम आणून द्यायचा. महिन्यातून एकदा तो निळ्या पिशव्यांचं खोकं घेऊन यायचा. घरी जाताना प्रत्येक बाळंतिणीला त्यातली एक पिशवी द्यायची, अशी आमच्याकडं पद्धत पडली होती. आत दोन लंगोट, एक बाटली, पावडरचा एक डबा आणि एक पत्रक. पत्रकाचा मथळा होता, 'आईचं दूध कमी पडल्यास'. ही पिशवी मी माझ्या हातानं द्यायची. दवाखान्याकडून भेट, असं म्हणायची. बायका ती डोक्याला लावून घ्यायच्या.

ज्यांना ह्या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आईचं दूध म्हणजे टाकीत भरून ठेवलेलं पाणी नव्हे, की एकदा संपलं की संपलं. बाळ जितकं ओढतं तितकं ते तयार होतं. पहिले दोन-तीन दिवस पिवळसर, घट्ट चीक येतो, तोही थेंब थेंब. बाळाचं पोट तेव्हा बोराएवढं असतं, त्याला तो पुरतो. पुढं दूध उतरतं. मग एखाद्या संध्याकाळी बाळ रडायला लागतं. बाळं संध्याकाळी रडतातच. पण घरात डबा असला की कुणीतरी म्हणतं, हिचं पुरत नाही वाटतं. बाटली दिली की बाळ शांत झोपतं. पोट भरलेलं बाळ अंगावर कमी ओढतं. कमी ओढलं की दूध कमी येतं, आणि कमी आलं की बाटली वाढते. महिना-दीड महिन्यात आई खरोखरच कोरडी होते, आणि मला दूधच नव्हतं असं जन्मभर सांगत राहते. फुकट दिलेला तो पहिला डबा एवढं सगळं करतो. दुसरा डबा मग विकत आणावाच लागतो.

हे मला नर्सिंगच्या शिक्षणात शिकवलं होतं. तरी मी पिशव्या वाटल्या. ह्याचं एक कारण घरातलंच होतं. माझी स्वतःची मुलगी डब्यावर वाढली होती. ड्युटीवर परत यायची घाई होती, आणि सिस्टरच्या घरी डबे पोचवायला प्रमोदच्या आधीचा माणूस कधी विसरला नाही. मुलगी धडधाकट झाली. तिच्याकडं बघून मी म्हणायची, काय बिघडलं? माझ्या घरी नळाचं पाणी होतं, स्टोव्ह होता, बाटली उकळायला वेळ देणारी सासू होती, आणि डब्यावरचं लिहिलेलं वाचता येत होतं. हे चार आधार मी गृहीत धरले होते.

द्वारका गंगापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातली. एकोणीस-वीस वर्षांची असेल. पहिलटकरीण, मुलगा झाला. तिला दूध इतकं की तिसऱ्या दिवसापासून चोळी भिजायची. जाताना मी तिला पिशवी दिली. तिची सासू सोनाबाई सोबत होती, उंच, काटक, बोलायला फटकळ. पिशवी उघडून तिनं डबा बाहेर काढला, त्याच्यावरच्या बाळाकडं निरखून बघितलं आणि म्हणाली, "असा व्हईल का आमचा?"

"होईल की," मी म्हटलं.

दोन-अडीच महिन्यांनी, दुपारच्या वेळी, दोघी परत आल्या. बाळ सोनाबाईच्या छातीशी धोतराच्या फडक्यात होतं. मी फडकं बाजूला केलं. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहात होती. हगवण लागून चार दिवस झाले होते. वजन जन्माच्या वेळेपेक्षा फारसं वाढलेलं नव्हतं. मी डॉक्टर बाईंना हाक मारली. सलाईन लागलं, बाळाच्या हाताची शीर सापडेना म्हणून डोक्याच्या शिरेतून लावावं लागलं.

संध्याकाळी बाळानं लघवी केली तेव्हा जरा जीव भांड्यात पडला. मी द्वारकाशेजारी स्टुलावर बसले आणि विचारलं, "अंगावर पाजत नव्हतीस का?"

"पाजत व्हते की. पर सांजचं लई रडायचा. मामी म्हनल्या, दूध पुरंना. मंग डबा काढला." सासूला ती मामी म्हणायची.

"आणि आता?"

"आता तर अंगावर येतच नाय. महिना झाला."

तिनं पिशवीतून डबा काढून माझ्यासमोर धरला. गंगापूरच्या दुकानातून आणलेला दुसरा डबा होता, पण कंपनी तीच. "ह्यो पुरवून पुरवून वापरला, सिस्टर. भरल्या बाटलीला एक चमचा. तुमी दिलता तसलाच आनला. सांडला नाय, वाया घालवला नाय."

तिला वाटत होतं मी तिला शाबासकी देईन. बाटलीला पाच चमचे लागायचे. हे बाळ महिनाभर पातळ पांढऱ्या पाण्यावर होतं, आणि ते पाणी आडातलं, न उकळलेलं. तिनं सगळं मनापासून केलं होतं. डबा तिला दवाखान्यानं दिला होता, तेव्हा तो चांगलाच असणार असं ती धरून चालली होती. मी उठून बेसिनपाशी गेले आणि उगीचच पुन्हा पुन्हा हात धुतले.

तिसऱ्या दिवशी बाळ सावरलं. त्याचं नाव किसन. प्रश्न आता पुढचा होता. घरी पाठवायचं तर परत तोच डबा, तीच बाटली, तेच पाणी. पुढच्या हगवणीत तो वाचला नसता.

मी डॉक्टर बाईंना म्हटलं, "हिचं दूध परत आणता आलं तर?"

डॉक्टर बाई हुशार आणि सरळ बाई. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "महिनाभर बंद आहे, सिस्टर. आता नाही येत. उगीच तिला आशा लावू नका. नीट प्रमाणात डबा करायला शिकवा, तेवढं पुष्कळ झालं."

त्यांचं म्हणणं तेव्हाच्या बहुतेक डॉक्टरांचं म्हणणं होतं. मी वॉर्डात आले. हमीदाबी फरशी पुसत होत्या. पोलीस अ‍ॅक्शननंतर, म्हणजे निजामाचं राज्य गेल्यावर, वर्षभरात त्या पोरवयात दवाखान्याच्या कामाला लागल्या होत्या, आणि आमच्यापैकी कुणाच्याही जन्माआधीपासून बाळंतिणी बघत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आता है दूध," त्या म्हणाल्या. "क्यूं नै आता? मेरी खाला ने अपनी बहन का बच्चा पिलायी. बहन मर गयी थी बिचारी. खाला का अपना बच्चा दो साल का, पीना छोड चुका था. बच्चे को लगा के रखी, लगा के रखी, आया."

"तुमच्या मावशीला किती दिवसांत आलं?"

"याद नै बेटी. सबर होना पडता."

पुस्तकात मी कुठंतरी हे वाचल्यासारखं आठवत होतं, हमीदाबींनी ते डोळ्यांनी बघितलं होतं. मी पुन्हा डॉक्टर बाईंकडं गेले. खाट तशीही रिकामी आहे, पंधरा दिवस द्या, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, "दिले. पण रोज वजन करायचं. बाळ उतरलं तर लगेच थांबायचं."

द्वारकाला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. सोनाबाईचा तर नाहीच. "आटलं ते आटलं," ती म्हणाली. "गाय सुदिक आटल्यावर देत नाय."

"वासरू लावून बघितलंत का आटल्यावर?" मी विचारलं.

पद्धत अशी होती. बाळांना नाकातून दूध घालायची एक अगदी बारीक मऊ नळी असते. तिचं एक टोक द्वारकाच्या स्तनाग्राशी चिकटपट्टीनं लावलं. दुसरं टोक वाटीत, वाटीत नीट मापानं केलेलं दूध. ते दूध डब्यातलंच होतं, हे मी लपवत नाही. पावडर काही विष नव्हती. आई दगावलेल्या बाळांना मी तीच दिली आहे आणि ती जगली आहेत. किसननं अंगावर तोंड लावून ओढलं की वाटीतलं दूध नळीतून त्याच्या तोंडात येणार. त्याला वाटणार आईकडूनच येतंय. आणि त्याच्या ओढण्यानं आईच्या अंगाला हळूहळू आठवण होणार. बाटली मात्र पूर्ण बंद.

पहिल्या दिवशी किसननं तोंड लावायलाच नकार दिला. बाटलीच्या रबरी बोंडाची सवय झालेलं बाळ अंगावर आलं की मान फिरवतं, कमान करतं, रागानं लाल होतं. द्वारका रडायला लागली. "मी त्याला आवडतच नाय आता," म्हणाली. हमीदाबींनी तिच्या पाठीमागं उशी ठेवली, बाळाला उघडं करून तिच्या उघड्या छातीवर पालथं घातलं, वरून चादर टाकली आणि सांगितलं, "चुप बैठ. कुछ मत कर. सोने दे उसको इधरच." तासभर तो तसाच झोपला. जाग आली तेव्हा अर्धवट झोपेत त्यानं तोंड शोधलं. मी नळी सरकवली. त्यानं ओढलं. वाटीतलं दूध नळीतून सरसर वर चढताना आम्ही तिघी श्वास रोखून बघत होतो.

दर दोन तासांनी हे करायचं. माझी ड्युटी नसताना दुसरी सिस्टर, ती नसताना हमीदाबी. सोनाबाई सुरुवातीला भिंतीशी बसून नुसती बघायची. चौथ्या दिवशी तिनं वाटी माझ्या हातातून घेतली. "तुमाला दुसरी बी बाळं हाईत," म्हणाली. त्यानंतर ती वाटी तिनं कुणाला धरू दिली नाही. मेथीचे लाडू, बाजरीची भाकर, हळीवाची खीर, तिला जे ठाऊक होतं ते सगळं तिनं सुनेला घातलं. मला वाटतं त्या खाण्यापेक्षा सासू आपल्या बाजूला आली, ह्या गोष्टीनं द्वारकाच्या अंगात जास्त बळ आलं.

पाचव्या दिवसापर्यंत काही नाही. वजन स्थिर होतं, तेवढंच समाधान. सहाव्या दिवशी सकाळी मी वॉर्डात पाय ठेवला तर सोनाबाई दारातच उभी. माझं मनगट धरून तिनं मला खाटेपाशी नेलं. द्वारकानं स्तन हलकेच दाबला. पांढरा एक थेंब आला, थांबला, आणि ओघळला.

"नळीतलं नसेल ना?" मी विचारलं.

"नळी लावलीच नाय अजून," द्वारका म्हणाली. ती हसत होती, आणि सोनाबाई पदरानं डोळे पुसत होती.

तिथून पुढं वाटीतलं दूध रोज थोडं कमी करत गेलो. काट्यावर मात्र किसन वाढत गेला. पंधरा दिवसांची मुदत संपली तेव्हा डॉक्टर बाईंनी आपणहून आणखी आठ दिवस दिले. शेवटच्या दिवशी वाटी रिकामी होती, नळी काढलेली होती, आणि किसन पोटभर पिऊन तोंडाच्या कडेनं दूध गाळत झोपला होता. डॉक्टर बाईंनी काट्यावरचा आकडा दोनदा बघितला आणि त्याच्या तळपायाला बोट लावून गेल्या.

त्या दिवसापासून मी निळ्या पिशव्या वाटल्या नाहीत. चादरींच्या कपाटात खाली खोकी रचून ठेवली. कुणाला सांगितलं नाही, भांडण काढलं नाही. फक्त घरी जाणाऱ्या प्रत्येक आईला अर्धा तास जवळ बसवून पाजायला शिकवू लागले, आणि संध्याकाळी बाळ रडतं त्याचं काय करायचं ते सांगू लागले.

प्रमोदच्या लक्षात यायला दोन महिने लागले. नवीन खोकी मागितली जात नव्हती. त्यानं मला विचारलं, मी कपाट उघडून दाखवलं. तो खजील झाला, पण त्यालाही वर उत्तर द्यायचं होतं. आठवड्याभरात ट्रस्टच्या सेक्रेटरी साहेबांनी मला बोलावलं.

"सिस्टर, हॉलला रंग कुणी दिला?" त्यांनी विचारलं.

"कंपनीनं."

"पंखे? बाळांचा नवीन काटा?"

"कंपनीनं, साहेब."

"मग त्यांच्या चार पिशव्या वाटायला तुमचं काय जातं?"

मी त्यांना किसनची सगळी हकिगत सांगितली. ते सज्जन होते, त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एका अडाणी बाईनं चुकीचं पाणी घातलं, त्याला कंपनी काय करणार? पुढच्या महिन्यात ते आपल्या हॉलमध्ये गुटगुटीत बाळ स्पर्धा घेतायत. त्या दिवशी पिशव्या तुमच्या हातून वाटल्या गेल्या पाहिजेत. नसेल जमत तर वॉर्ड दुसऱ्या कुणाकडं देऊ. तुम्ही केसपेपरच्या खिडकीवर बसा."

केसपेपरची खिडकी म्हणजे दिवसभर नावं आणि पत्ते लिहिणं. मला वॉर्ड सोडवला नसता. "पिशव्या मी वाटणार नाही," मी म्हटलं. "वॉर्ड काढायचा तर स्पर्धेनंतर काढा."

त्याच संध्याकाळी मी गंगापूरच्या गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरकडं चिठ्ठी दिली. सोनाबाईच्या गावचा एकजण शिकलेला होता, तो वाचून दाखवणार होता. चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं की अमुक दिवशी बाळांची स्पर्धा आहे, किसनला घेऊन या. तिथं काय बोलायचं ते मी कुणालाही शिकवलं नाही, हे शपथेवर सांगते. सोनाबाईला कुणी काही शिकवू शकतं असं मला वाटतही नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. बनारसी साड्या, बुरखे, लुगडी, आणि बाळांचा कालवा. स्टेजवर त्या कुरळ्या केसांच्या बाळाचा भिंतभर बॅनर. परीक्षक म्हणून डॉक्टर बाई. बाळांना नंबर दिलेले होते, नावं नव्हती. वजन, उंची, डोळे, दात, लशींचं कार्ड, सगळं तपासून बाई कागदावर खुणा करत होत्या. तास-दीड तास चाललं. मी मागं भिंतीला टेकून उभी होते. किसन मला लांबून दिसला होता. सात महिन्यांचा, सावळा, मांड्यांना वळ्या पडलेला, आणि कुणाच्याही कडेवर जायला तयार.

प्रमोदनं माइकवर पहिला नंबर पुकारला. गर्दीतून सोनाबाई उठली, किसनला कडेवर मारून ताडताड चालत स्टेजवर चढली. मागोमाग द्वारका, डोक्यावरचा पदर सावरत. टाळ्या झाल्या. बक्षीस म्हणून वर्षभर पुरतील एवढ्या डब्यांचा मनोरा टेबलावर रचलेला होता. फोटोवाला पुढं आला. प्रमोदनं, त्याला सांगितलेलं होतं तसं, हसतमुखानं माइक सोनाबाईच्या तोंडाशी धरला.

"आजी, सगळ्यांना सांगा, ह्या तब्येतीचं गुपित काय? बाळाला कोणतं दूध देता?"

"आईचं," सोनाबाई म्हणाली.

हॉलमध्ये हशा झाला. प्रमोदही हसला. "ते झालंच. पण वरचं? डबा कोणता?"

"डबा ना? ह्योच." तिनं बॅनरकडं हात केला. "ह्योच डबा देत व्हतो आमी. महिनाभर दिला. मरायला टेकलं व्हतं लेकरू. हितंच, ह्या दवाखान्यात, डोस्क्यात सुई घातली त्याच्या. माझ्या सुनंचं दूध आटलं व्हतं ह्या डब्यापायी. त्या मागं हुब्या हाईत ना, त्या सिस्टरनं आन् हमीदाबींनी परत आनलं. महिन्याचं आटलेलं. म्या सोता वाटी धरून बसलेली हाय."

प्रमोदनं माइक खाली घेतला. सेक्रेटरी साहेब पहिल्या रांगेतून अर्धवट उठले. तेव्हा डॉक्टर बाई खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी प्रमोदच्या हातातून माइक घेतला. किसनकडं त्या नीट बघत होत्या. नंबरच्या गडबडीत त्यांनाही तो ओळखू आला नव्हता.

"ही बाई सांगतेय ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "हे बाळ मी तपासलं होतं. ह्याच्या आईला दूध परत येणार नाही, असं मीच म्हटलं होतं. माझं चुकलं. सिस्टरचं आणि आयाबाईंचं बरोबर होतं. आजपासून आपल्या दवाखान्यातून डबे दिले जाणार नाहीत. ज्या बाळाला खरोखर गरज असेल त्याला मी स्वतः लिहून देईन."

पहिली टाळी कुणी वाजवली ते मला दिसलं नाही. नंतर इतक्या वाजल्या की काही ऐकू येईना. शेजारी हमीदाबी ताठ उभ्या होत्या, जणू रोजच त्यांचं नाव माइकवरून घेतलं जातं.

फोटोवाल्यानं डब्यांच्या मनोऱ्याशेजारी उभं राहायला सांगितलं तेव्हा सोनाबाई म्हणाली, "डबे रिकामे करून देनार असले तर नेते. हळद-मसाल्याला बरे हाईत." प्रमोदलाही हसू आवरलं नाही. जाताना तो माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "सिस्टर, निदान मला आधी सांगायचं होतं." मला त्याचं वाईट वाटलं. पुढं कंपनीनं त्याला खोकल्याच्या औषधांवर टाकलं. तो तरीही यायचा, आणि ती औषधं पहिल्यापेक्षा मोकळ्या मनानं विकायचा.

सेक्रेटरी साहेबांनी केसपेपरच्या खिडकीचा विषय परत काढला नाही. पुढं नव्वदीत सरकारनं कायदाच केला. फुकट डबे वाटणं, दवाखान्यांना भेटी देणं, गुबगुबीत बाळांच्या चित्रांच्या जाहिराती, सगळं बंद झालं. तो वाचताना मला वाटलं, हे आमच्याकडं आधीच झालंय.

एक गोष्ट मात्र आजही टोचते. निळ्या पिशव्या मी कित्येक वर्षं वाटल्या. द्वारका परत आली म्हणून मला कळलं. ज्या परत आल्या नाहीत त्यांची बाळं कशी राहिली, मला माहीत नाही. त्यांतल्या कुणाचं नाव मला आठवत नाही, पण पिशवी डोक्याला लावणारे हात आठवतात.

तरी त्या दिवसाबद्दल विचारलं तर मी शेवटचा तास सांगते. हॉल रिकामा होत होता. द्वारका आणि सोनाबाई गाडी गाठायला निघून गेल्या होत्या. मी वॉर्डाकडं वळले तर दारापाशी तीन बायका थांबल्या होत्या. तिघींच्या कडेवर बाळं, तिघी एकमेकींना अनोळखी. एक सिडको वसाहतीतली शिकलेली मुलगी होती, एक वेरूळकडची. तिसरी बुरख्यातली, सगळ्यांत लहान वयाची, तीच पुढं झाली.

"सिस्टर, मेरेकू दीड महिन्यापासून येत नाय," ती म्हणाली. "माझं पण होईल का?"

"बाळाला घेऊन बस आधी," मी म्हटलं. "बघू या."

हमीदाबींनी न सांगता आतून तीन स्टुलं ओढून आणली. त्या मुलीनं बुरख्याच्या आतून दुधाची बाटली काढली, क्षणभर हातात धरली, मग माझ्या टेबलावर ठेवली आणि बाळाला घेऊन आत आली. बाकीच्या दोघी तिच्या मागोमाग आल्या.